इरकली लुगडे आणि खणाची चोळी

बेळगाव, खानापूर, निपाणी या भागातल्या जुन्या मराठी घरांत बायकांच्या अंगावर इरकली लुगडे आणि खणाची चोळी असे. लुगडे इलकलचे, खण गुळेदगुड्डचा. दोन्ही गावे आज बागलकोट जिल्ह्यात आहेत. १९९७ पर्यंत ती विजापूर जिल्ह्यात होती. आपण ‘इरकल’ म्हणतो ते इलकलचेच मराठी वळण.

इरकलीचे अंग बहुतेक सुती, काठ आणि पदर रेशमी. खरी ओळख पदरात आहे. पदराचे तांबडे ताणे वेगळे असतात आणि ते अंगाच्या ताण्यांना फास घालून जोडतात. कानडीत याला ‘टोपे तेनी’ म्हणतात. त्यामुळे प्रत्येक लुगड्यासाठी ताणा वेगळा तयार करावा लागतो. कांड्या भरण्यापासून ताणे जोडण्यापर्यंतची बरीच कामे विणकरांच्या घरच्या बायकाच करतात. नाव मात्र मागावर बसणाऱ्याचे होते. तांबड्या पदरावरची पांढरी नक्षी फणी, ज्वारीचे कणीस, कोटाची तटबंदी अशी असते. सगळे आपल्या घराशिवारातलेच.

घरात बायकांच्या हातचे काम म्हणजे कसुती आणि शिवण. कसुतीत कापडावर आधी काही काढून घेत नाहीत. सुताचे धागे मोजून टाका घालायचा, गाठ मारायची नाही. गवंती आणि मुरगी हे टाके उलटसुलट सारखेच दिसतात; नेयगी विणीसारखा, मेंथी फुलीसारखा. गोपुर, तुळशीवृंदावन, रथ, हत्ती, मोर हे नेहमीचे नमुने. कसुती भरलेली काळी चंद्रकळा नवरीला देण्याची रीत होती.

चोळी शिवताना खणाचा काठ बाहीच्या कडेला आणायचा आणि पुढे गाठ मारायची. शेतात कामाला जाताना लुगड्याचा कासोटा घट्ट आणि वर खोचलेला, देवळात किंवा वडीलधाऱ्यांसमोर डोक्यावर पदर.

लुगडे विरले की त्याची वाकळ व्हायची, उरलेल्या खणांचे तुकडे तिच्या कोपऱ्यांना लागत. आजीची अशी वाकळ घरात असेल तर उसवण्याआधी नीट पाहा. तांबड्या पदराचा तुकडा बहुधा मधोमध सापडेल. लुगडे अखंड असेल तर पदराचा सांधा उलट्या बाजूने पाहा. जोडलेले फास दिसले तर ते हातमागाचे. यंत्रमागाच्या नकलेत अंगाच्या रंगाचे ताणेच बहुधा पदरातही पुढे गेलेले दिसतात. दोन्ही मापे चांगलीच, पण किंमत देताना फरक माहीत असावा.