तंजावरची सावली आणि दगडावरची अक्षरे

तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराविषयी एक गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते: त्याच्या शिखराची सावली जमिनीवर कधीच पडत नाही. ही गोष्ट तपासायला एक निरभ्र सकाळ पुरते. सूर्य पूर्वेला असताना विमानाची लांबच लांब सावली पश्चिमेकडच्या फरसबंदीवर स्पष्ट दिसते.

तरीही या कथेत सत्याचा अंश आहे. तंजावर सुमारे १०.८ अंश उत्तर अक्षांशावर वसले आहे. विमानाची उंची सुमारे ६० मीटर, तर तळाची बाजू सुमारे ३० मीटर आहे. मध्यान्हीचा सूर्य माथ्यापासून १४ अंशांहून कमी कललेला असेल, तर कळसाच्या टोकाची सावली केंद्रापासून १५ मीटरांच्या आत, म्हणजे मंदिराच्या तळावरच पडते. साधारण मार्चच्या मध्यापासून सप्टेंबरअखेरपर्यंत भर दुपारी असेच घडते. डिसेंबरच्या मध्यान्ही मात्र सूर्य ३४ अंश दक्षिणेकडे झुकतो आणि तीच सावली सुमारे ४० मीटर उत्तरेला पोहोचते. काही महिन्यांपुरते आणि एका प्रहरापुरते खरे असलेले निरीक्षण सांगता सांगता सार्वकालिक झाले असावे.

दुसरा प्रश्न अधिक गहन आहे. हे मंदिर कोणी बांधले? आज शाळकरी मूलही राजराज चोळाचे नाव घेते. एकोणिसाव्या शतकात हे उत्तर सर्वमान्य नव्हते. स्थलपुराण कृमिकंठ नावाच्या एका चोळ राजाला हे श्रेय देत असे. खरे उत्तर मंदिराच्या भिंतींवरच कोरलेले होते, पण ती जुनी अक्षरे वाचली जात नव्हती. १८८६ मध्ये पुराभिलेखतज्ज्ञ म्हणून नेमल्या गेलेल्या ओइगेन हुल्ट्श यांनी ते लेख वाचून प्रसिद्ध केले. आपण बांधवलेल्या या दगडी मंदिराला स्वतः, थोरल्या बहिणीने, राण्यांनी आणि इतरांनी दिलेली दाने राजराजाने तेथे नोंदवली होती. राज्यारोहणाच्या २५व्या वर्षी, म्हणजे इ.स. १०१०च्या सुमारास, त्याने शिखरासाठी सोन्याने मढवलेला ताम्रकलश अर्पण केल्याचीही नोंद सापडली.

पण दगडावर कोरले म्हणून ते खरे मानावे काय? याच आवारात सरफोजीराजे भोसले (दुसरे) यांनी १८०३ मध्ये आपल्या घराण्याचा इतिहास मराठीत कोरून घेतला. सरफोजी हे तुळजाराजांचे दत्तक पुत्र. त्यांचा वारसाहक्क नाकारला जाऊन अमरसिंह गादीवर बसले होते. १७९८ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या पाठबळाने सरफोजींना ती मिळाली. आपला वंश आणि हक्क ठसवण्याची निकड त्यांना होती. एवढ्याने तो लेख खोटा ठरत नाही. मात्र तो एका पक्षाची साक्ष आहे, आणि साक्ष इतर कागदपत्रांशी पडताळावी लागते.

राजराजाच्या लेखांनाही हीच कसोटी लावावी लागते. स्वतःची थोरवी तोही सांगतोच. पण त्या लेखांत दागिन्यांची वजने आहेत, गावांचे उत्पन्न आहे, ४०० नर्तकींची नावे आणि त्यांना दिलेली घरेही आहेत. केवळ बढाईसाठी इतका हिशेब कोणी लिहीत नाही. शिवाय चोळांची वंशावळ स्वतंत्र ताम्रपटांशी जुळते. म्हणून इतिहासकार या लेखांवर विश्वास ठेवतात.

सरफोजींना हा मार्ग अपरिचित नव्हता. त्यांच्या काळातील नेत्ररुग्णांच्या तपशीलवार नोंदी, आजारी डोळ्यांच्या चित्रांसह, सरस्वती महाल ग्रंथालयात जतन झाल्या आहेत. उपचार कसे झाले, हे दोनशे वर्षांनंतरचा वैद्यही त्यांवरून तपासू शकतो. शिकवलेले खरे कशावरून, असे विद्यार्थ्याने विचारले, तर त्याला अशीच नोंद दाखवता आली पाहिजे; आणि ती नोंद कोणी, कशासाठी केली, हे विचारण्याची मुभाही त्याला हवी.