रायगडावरील समाधी आणि लोकवर्गणी

महाड तालुक्यातील रायगड १८१८ मध्ये इंग्रजांकडे गेला आणि शिवछत्रपतींची समाधी उपेक्षित राहिली. जेम्स डग्लस यांनी १८८३ मधील आपल्या ग्रंथात या दुरवस्थेकडे लक्ष वेधले. सरकारने मात्र देखभालीसाठी वर्षाला अवघे ५ रुपये मंजूर केले. १८९५ मध्ये लोकमान्य टिळकांनी ‘केसरी’तून निधीचे आवाहन केले. संस्थानिकांबरोबर सामान्यांनीही यथाशक्ती वर्गणी दिली. १८९६ मध्ये गडावर उत्सव झाला. तथापि जीर्णोद्धार पूर्ण होण्यास १९२६ उजाडले. उत्साहाने निधी जमतो, परंतु दीर्घकाळ काम पाहणारी संस्था नसल्यास तो कार्यी लागत नाही. म्हणूनच पोलादपूरजवळील उमरठच्या तानाजी-समाधीसारख्या स्थळांच्या जतनासाठी स्थानिक इतिहास-मंडळांना प्रासंगिक देणगीपेक्षा नियमित वार्षिक साहाय्य अधिक उपयुक्त ठरेल.