साक्षीदारांवरील दडपण (लैंगिक छळाची प्रकरणे, बीड जिल्हा)

लैंगिक छळाच्या भरपाईच्या कार्यवाहीत साक्षीदाराने गैरहजर राहावे वा साक्ष फिरवावी म्हणून त्याला दिलेली धमकी, दाखवलेले आमिष किंवा रोजगार तोडण्याची भीती म्हणजे साक्षीदारावरील दडपण होय. थेट मालकाविरुद्धच्या किंवा दहापेक्षा कमी कामगार असलेल्या ठिकाणच्या तक्रारी कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या 2013 च्या कायद्याने जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जातात; साक्षीदारास बोलावून शपथेवर तपासण्याचे दिवाणी न्यायालयाचे अधिकार तिला आहेत. बीडच्या ऊसतोड कामगारांत मात्र साक्षीदार अनेकदा तक्रारदाराच्याच तोडणी-टोळीतला असतो, त्याने मुकादमाकडून (टोळी पुरवणाऱ्या कंत्राटदाराकडून) उचल, म्हणजे हंगामापूर्वीची आगाऊ रक्कम, घेतलेली असते आणि ती फिटेपर्यंत त्याला टोळी सोडता येत नाही, त्यामुळे तोंड बंद ठेवायला उघड धमकीचीही गरज उरत नाही. खोट्या साक्षीबद्दल हाच कायदा साक्षीदारावर कारवाईची तरतूद करतो, पण बदली वा रजेचा अंतरिम दिलासा केवळ तक्रारदार स्त्रीला देतो, ही त्यातील गंभीर उणीव होय. महेंद्र चावला खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये मान्य केलेली साक्षीदार संरक्षण योजनाही फौजदारी गुन्ह्यांपुरतीच आहे. खोटी साक्ष देण्यासाठी धमकावणे हा मात्र भारतीय न्याय संहितेच्या कलम 232 नुसार सात वर्षांपर्यंत कैदेस पात्र गुन्हा आहे.