मॅट्रिकचे इंग्रजी आणि खानदेशची मुले



आज जळगाव-धुळ्याकडच्या कोणत्याही गावात पहिलीतलं पोर ए बी सी डी म्हणून दाखवतं आणि आजी ओट्यावर बसून कौतुकानं ऐकते. त्यामुळे इंग्रजीचा वर्ग ही एके काळी केवढी मोठी वेस होती, आणि त्या वेशीच्या आत गेलेल्या मुलाच्या वाट्याला काय येई, हे नव्या मंडळींना सांगावं लागतं. ज्यांना ते ठाऊक होतं, त्यांतले पुष्कळजण आता राहिले नाहीत. म्हणून हा विषय घेतला.

खानदेशात इंग्रजी अंमल १८१८ साली आला. कॅप्टन ब्रिग्ज पहिले कलेक्टर म्हणून धुळ्याला येऊन बसले. पण साहेब आला म्हणजे साहेबाची भाषा गावात आली, असं मात्र नव्हे. गावापर्यंत ती आली ती शब्दाशब्दानं: समन्स, अपील, तिकीट, टेशन. १८६० नंतरच्या दहा वर्षांत आगगाडीनं भुसावळ गाठलं. त्याच सुमारास अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं (१८६१–६५) आणि आपल्याकडच्या कापसाला कधी नव्हे तो भाव चढला. आगगाडीबरोबर तारही आली, आणि तार म्हणजे इंग्रजी. घरातला माणूस आजारी पडल्याची बातमीसुद्धा परक्या भाषेत यायची! तारेची गोष्ट पुढे सांगायची आहे, म्हणून इथं थोडी थांबवतो.

मुंबई विद्यापीठ १८५७ साली निघालं. त्याची पहिली मॅट्रिक परीक्षा १८५९ साली झाली आणि तीत २१ जण पास झाले; महादेव गोविंद रानडे त्यांतलेच एक. तेव्हापासून 'मॅट्रिक' या शब्दाला आपल्या समाजात जे वजन आलं ते शंभर वर्षं टिकलं. लग्नाच्या बाजारात सुद्धा 'मुलगा मॅट्रिक आहे' एवढ्यावर बोलणी पुढं सरकत.

जुन्या शाळेची रचना आधी समजून घ्या, म्हणजे पुढचं नीट कळेल. मराठी चार इयत्ता झाल्या की रस्त्याला दोन फाटे फुटत. एक फाटा मराठी सातवीकडे. ती परीक्षा म्हणजे व्हर्नाक्युलर फायनल. ती झाली की माणूस मास्तर होई, तलाठी होई. दुसरा फाटा इंग्रजी पहिलीकडे. इंग्रजी पहिली ते तिसरी, मग हायस्कूलची चौथी ते सातवी, आणि सातवी म्हणजेच मॅट्रिक. कारकुनीपासून वकिलीपर्यंत सगळी दारं या दुसऱ्या रस्त्यावर. आणि हा रस्ता गावातून जातच नव्हता. त्यासाठी तालुक्याला राहावं लागे. खोली, खाणावळ, फी हे ज्याच्या बापाला जमेल त्याचं पोर शिके. कापूस बुडाला त्या वर्षी कितीतरी मुलं इंग्रजी दुसरी-तिसरीतूनच दप्तर गुंडाळून परत औताला लागली. मुलींचं तर नावच नको. त्यांच्यासाठी तो फाटा फुटतच नसे.

आता असं समजा, की तुम्ही त्या काळी तालुक्याच्या शाळेत इंग्रजी पहिलीत जाऊन बसलात. पहिले कित्येक दिवस नुसती घोकंपट्टी. सी ए टी कॅट, कॅट म्हणजे मांजर. मग तर्खडकरांची भाषांतरपाठमाला. मराठी वाक्याचं इंग्रजी, इंग्रजी वाक्याचं मराठी, पानंच्या पानं. चौथीपुढे व्याकरण कडक होई: शब्द न् शब्द सोडवायचा, वाक्याची चिरफाड करायची, कर्तरीचं कर्मणी करायचं. पुढं १९३० नंतर रेन आणि मार्टिनचं व्याकरण आलं. (त्यातले रेनसाहेब कादंबऱ्याही लिहीत, हे मुलांच्या स्वप्नातही आलं नसेल!) मग कविता. विलायतेतलं डॅफोडिल नावाचं फूल ना मास्तरांनी पाहिलेलं, ना मुलांनी. करडईचं शेत फुलतं तसं काहीतरी पिवळं, असं सांगून मास्तर पुढचं कडवं घेत. मला तरी तो अर्थ अगदीच वाईट वाटत नाही.

एक गोष्ट मात्र मास्तरही विसरत. मुलाला दोन भाषा नव्हत्या, तीन होत्या. घरी अहिराणी, नाहीतर लेवा बोली; सातपुड्याकडे भिल्ली, पावरी. शाळेत पुस्तकी मराठी. तिच्याही पलीकडे इंग्रजी. ग्रिअर्सनसाहेबांच्या भाषिक पाहणीचा एक भाग १९०७ साली निघाला, त्यात खानदेशीला भिल्लीच्या जोडीनं स्वतंत्र जागा दिली आहे. परंतु वर्गात 'माले माहीत नही' म्हणणाऱ्या मुलाला आधी मराठीसाठी छडी बसे आणि मग इंग्रजीसाठी.

याच खानदेशात, फैजपूरच्या इंग्रजी शाळेत, विसाव्या शतकाच्या अगदी आरंभी एक अबोल शिक्षक होते. कृष्णाजी केशव दामले, म्हणजेच आपले केशवसुत. त्यांची स्वतःची मॅट्रिक १८८९ साली झाली, तेव्हा ते तेवीस वर्षांचे होते. बी. ए. नाहीत, मोठा पगार नाही. पण इंग्रजी कवितेतून त्यांनी चौदा ओळींची रचना उचलली आणि १८९२ साली 'मयूरासन आणि ताजमहाल' ही कविता लिहून ती मराठीत रुजवली. ते तिला चतुर्दशक म्हणत. सुनीत हे नाव मागाहून आलं. १९०४ साली ते धारवाडला गेले आणि पुढच्याच वर्षी प्लेगानं वारले. कलेक्टर कचेरीत अर्ज लिहिण्यापुरतं इंग्रजी लोक शिकत होते, त्या काळात या मॅट्रिक मास्तरांनी तिच्याकडून मराठीसाठी काय आणलं, ते पहा. पुढे अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात साने गुरुजी होते, १९२४ ते १९३०. वसतिगृहातल्या मुलांसाठी ते रोज हातानं 'छात्रालय दैनिक' लिहून काढीत. खेड्यातून आलेल्या पोराला जगाची बातमी आपल्या भाषेत वाचायला मिळणं ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती.

स्वातंत्र्य आलं. मुंबई राज्यात बाळासाहेब खेरांचं सरकार होतं. लहान मुलांच्या डोक्यावरचं परक्या भाषेचं ओझं उतरावं, या हेतूनं त्यांनी पाचवी ते सातवीचं इंग्रजी काढलं आणि ते आठवीपासून ठेवलं. हेतू चांगला होता, याबद्दल मला शंका नाही. पण ज्यांची ऐपत होती त्यांनी घरी शिकवणी लावली, आणि शहरात इंग्रजी माध्यमाच्या शाळा होत्याच. ओझं उतरलं ते आमचं, आणि पुढे शर्यत मात्र सगळ्यांची एकच. पुढे एस. एस. सी. ला इंग्रजीचे दोन स्तर होते, उच्च आणि निम्न. आमच्यासारखी बहुतेक खेड्यातली मुलं निम्न स्तराला बसली. त्या 'निम्न' शब्दाचा सल पुष्कळांच्या मनात राहिला.

मी १९६१ साली आठवीत गेलो तेव्हा पहिल्यांदा इंग्रजी अक्षर गिरवलं. आमचं गाव गिरणाकाठचं. नववीत असताना एके दिवशी टपालवाला आमच्या गल्लीतल्या आबांच्या हातात तार देऊन गेला. आबांचा भाऊ सुरतेला गिरणीत होता आणि त्यांची आई तिकडेच राहायला गेलेली. गल्लीत इंग्रजी शिकणारा मी एकटा. सगळी मंडळी माझ्याभोवती जमली. मला फार मोठं झाल्यासारखं वाटलं. तारेत चारच शब्द होते: मदर सीरियस स्टार्ट इमिजिएटली. मदर मला येत होतं. स्टार्ट येत होतं. इमिजिएटली नुकतंच धड्यात झालं होतं. सीरियस येत नव्हतं. मी ते गाळलं आणि सांगितलं, "आबा, तुमची आई लगेच निघालीय."

आबांनी घर सारवून घेतलं. दोन दिवस ते बैलगाडी जुंपून टेशनावर सुरतेच्या गाडीला जात होते. तिसऱ्या दिवशी दुसरी तार आली. ती त्यांनी माझ्याकडे आणली नाही. तालुक्याला नेऊन वाचून घेतली.

आबा मला कधी एका शब्दानं बोलले नाहीत. गल्लीतही कुणी बोललं नाही. मी पुढे शिक्षक झालो, पस्तीस वर्षं इंग्रजीच शिकवलं, आणि प्रत्येक वर्षी आज्ञार्थाचा धडा सुरू केला की फळ्यावर पहिला शब्द 'स्टार्ट' लिहीत असे. 'निघा' आणि 'निघाली' यांतला फरक मुलांना पक्का होईपर्यंत मी पुढे जात नसे. तपासणीला आलेल्या एका साहेबांनी विचारलंही, की या एका शब्दावर एवढे तास का. काहीतरी सांगून वेळ मारून नेली.

तारखातं जुलै २०१३ मध्ये बंद झालं. इंग्रजी २००० सालापासून राज्यातल्या सगळ्या शाळांत पहिलीपासून आहे. जळगावला आणि अमळनेरला १९४५ साली महाविद्यालयं निघाली, १९९० साली विद्यापीठ झालं, आणि २०१८ साली त्याला बहिणाबाईंचं नाव मिळालं. अक्षरओळख नसलेल्या आसोद्याच्या लेकीच्या नावानं आज मुलं इंग्रजी विषय घेऊन पदवी मिळवतात. म्हणजे वेस आता उघडी आहे. तरीही दहावीच्या वर्गात मागच्या बाकावरचं पोर इंग्रजीच्या तासाला मान खाली घालतं, हे तुम्ही शिक्षक रोज पाहता.

त्या पोरासाठी एक गोष्ट सांगतो. मला ती फार उशिरा सापडली. 'आय गो' आणि 'आय ॲम गोइंग' यांतला भेद पुस्तकी मराठीतून समजावताना माझी दमछाक होई. एकदा एका मुलाला मी सहज अहिराणीत विचारलं, "तू काय करी ऱ्हायना?" तो म्हणाला, "मी लिखी ऱ्हायनू, सर." आणि माझ्या डोक्यात उजेड पडला. 'मी जास' म्हणजे आय गो. 'मी जाई ऱ्हायनू' म्हणजे आय ॲम गोइंग. मी ऱ्हायनू, तो ऱ्हायना, ती ऱ्हायनी; पुढचा शब्द बदलतो, 'जाई' तसंच राहतं. इंग्रजीत ॲम, इज, आर बदलतात आणि 'गोइंग' तसंच राहतं. जे मी दोन आठवडे शिकवत होतो, ते त्या वर्गाला एका तासात आलं. मागच्या बाकावरची मुलं आधी हसली, कारण शाळेत सरांच्या तोंडून अहिराणी त्यांनी कधी ऐकली नव्हती. मग तीच हात वर करू लागली.

उद्या तुमच्या वर्गात हे करून पहा. पावरी किंवा लेवा बोली बोलणारी मुलं असतील तर त्यांनाच विचारा, की तुमच्या घरी हे कसं म्हणतात, आणि ते फळ्यावर इंग्रजीच्या शेजारी लिहा.