शब्दाचा पत्ता

पुण्यात येरवड्याच्या अंगाला डेक्कन कॉलेज आहे. तिथल्या संस्कृत कोशाच्या दालनात धातूच्या खणांच्या रांगा आहेत आणि खणांत चिठ्ठ्या आहेत, सुमारे एक कोटी. एका चिठ्ठीवर एक शब्द, त्याखाली तो ज्या वाक्यात किंवा श्लोकात आला ते वचन, मग ग्रंथाचं नाव आणि ग्रंथातली जागा. डॉ. सु. मं. कत्रे यांनी १९४८ साली हे काम उभं केलं. ऋग्वेदापासून एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंतचे सुमारे १५०० ग्रंथ निवडले, माणसं वाचायला बसवली आणि पंचवीसेक वर्षं नुसत्या चिठ्ठ्या लिहिण्यात गेली. कोशाचा पहिला छापील भाग १९७६ साली डॉ. अ. मा. घाटगे यांच्या संपादनाखाली निघाला. पुढे खंडामागून खंड आले ते सगळे 'अ' या एकाच वर्णाचे. त्यावर विनोद करणं सोपं आहे, पण मला त्या कोशापेक्षाही त्या खणांचं अप्रूप जास्त.

कारण माझ्या संगणकावर तेच आहे. वर्षानुवर्षांचं ईमेलचं टपाल एका डिरेक्टरीत पडलेलं असतं, दर पत्राची एक फाइल. टर्मिनलची काळी खिडकी उघडायची, नॉटमच या टपाल शोधणाऱ्या प्रोग्रामची 'नॉटमच सर्च' ही आज्ञा लिहून पुढे पाठवणाऱ्याचं नाव, एखादा शब्द आणि हवं तर साल टाकायचं. एंटर मारेपर्यंत उत्तर हजर. ब्राउझर नको, कुणाचा सर्व्हर नको, विमानातसुद्धा चालतं. हे इतकं झटपट कसं होतं याचं उत्तर खणांतल्या चिठ्ठ्यांतच आहे. ग्रंथ हातात घेतला की त्यात कोणते शब्द आहेत ते दिसतं. चिठ्ठीने ते उलटं केलं. शब्द हातात घ्या, तो कुठे कुठे आहे ते कळेल. वाचण्याचे कष्ट एकदाच आणि आधीच करून ठेवलेले असतात, म्हणून शोधणाऱ्याला ते पडत नाहीत. संगणकवाले याला 'इन्व्हर्टेड इंडेक्स' म्हणतात. डेक्कन कॉलेजातून उठून कुणी नॉटमच लिहिलं असं मात्र मुळीच नाही. ही चुलत घराणी आहेत, आणि कुळाची पाळंमुळं दोन्हींच्या बरीच मागे जातात.

आपल्याकडचा सगळ्यात जुना पुरुष म्हणजे अनुक्रमणी. कात्यायनाच्या नावावर असलेली ऋग्वेदाची सर्वानुक्रमणी दर सूक्ताचं प्रतीक, म्हणजे सुरुवातीचे शब्द देते, ऋचा किती ते सांगते, मग ऋषी कोण, देवता कोण, छंद कोणता. सूक्ताच्या पोटात काय आहे याबद्दल ती काही बोलत नाही. टपालाच्या भाषेत ही पत्राच्या डोक्यावरची माहिती झाली : कुणी लिहिलं, कुणाला उद्देशून, विषय काय. पोटातल्या शब्दांची सूची करायला दुसऱ्या प्रकारची चिकाटी लागते. ती युरोपात तेराव्या शतकात पॅरिसच्या डॉमिनिकन मठात दिसते. सेंट शेरच्या ह्यूच्या देखरेखीखाली तिथे लॅटिन बायबलची शब्दसूची झाली. पाचशे भिक्षू त्या कामावर होते अशी कथा सांगतात. बायबलला तेव्हा वचनांचे आकडे नव्हते, म्हणून त्यांनी दर अध्यायाचे ए ते जी असे सात तुकडे कल्पिले आणि शब्दापुढे अध्याय आणि तुकडा लिहिला. वचन उद्धृत केलं नाही, फक्त पत्ता दिला. आजचा कुठलाही इंडेक्स नेमकं हेच करतो, शब्दापुढे पत्रांचे क्रमांक.

महाराष्ट्रात छापखाना रुळल्यावर हे लोण इकडे आलं. कर्नल जेकब यांचा प्रमुख उपनिषदं आणि भगवद्गीता यांचा शब्दसूची-ग्रंथ मुंबईत १८९१ साली छापला गेला. गीतेतला शब्द आठवतो पण अध्याय आठवत नाही, अशा कितीतरी शास्त्र्यांचा आणि साहेबांचा वेळ त्याने वाचवला असेल. पुढे भांडारकर संस्थेने महाभारताची चिकित्सक आवृत्ती १९६६ साली पुरी केली आणि तेवढ्यावर न थांबता १९६७ ते १९७२ या काळात प. ल. वैद्यांच्या संपादनाखाली सहा खंडांची प्रतीकसूची काढली. ती शब्दाची नाही, श्लोकाच्या चरणाची आहे. चरणाची सुरुवात आठवली की पर्व, अध्याय, श्लोक मिळतो. अवतरणचिन्हांत दोन-तीन शब्द टाकून ते त्याच क्रमाने शोधण्याची जी सोय आज आपण गृहीत धरतो, तिचा हा छापील अवतार.

या सगळ्यात मला सगळ्यात मोहात पाडणारी जोडी १९४८ आणि १९४९ची आहे. कत्र्यांनी पुण्यात काम सुरू केलं त्याच्या पुढच्याच वर्षी रोबेर्तो बुसा नावाचा एक इटालियन जेझुइट पाद्री न्यूयॉर्कला आयबीएमच्या थॉमस वॉटसन यांना भेटला. त्याला टॉमस अक्वायनसच्या लेखनातल्या शब्दन् शब्दाची सूची हवी होती, सुमारे १ कोटी १० लाख शब्दांची. त्याला पंचकार्डं मिळाली, यंत्रं मिळाली, आणि तरीही छापील ५६ खंड पुरे व्हायला तीस वर्षं लागली. इकडे पुण्यात जवळपास तितक्याच चिठ्ठ्या हातांनी लिहिल्या. यंत्रवाल्यांच्या आणि हातवाल्यांच्या वेळात फार अंतर पडलं नाही, हे कुणी फारसं बोलत नाही. हातांचा एक फायदाही होता. चिठ्ठी लिहिणाऱ्याला संस्कृत येत होतं. 'रामेण' दिसलं की तो 'राम' खाली लावायचा, संधी फोडायचा. यंत्राला हे शिकवायचं दुखणं अजून संपलेलं नाही, त्याकडे येतोच.

सूची नसली की काय होतं ते बघायचं तर पुण्यातच कौन्सिल हॉलजवळच्या पुरालेखागारात, म्हणजे जुन्या भाषेत पेशवे दफ्तरात, जावं. मोडीतले कागद कापडी रुमालांत बांधलेले, आणि रुमाल हजारोंनी. पत्रांवर माहिती नसते असं नाही. वर 'छ' लिहून हिजरी महिन्यातली तारीख असते, पत्र पोचल्यावर पैवस्तीची नोंद होई, आजच्या ईमेलच्या माथ्यावर 'रिसीव्हड'च्या ओळी असतात तशी. पण पुष्कळ पत्रांवर साल नसतं. चंद्राची तारीख आणि वार जंत्रीशी पडताळून, मजकुरातल्या घडामोडींवरून ते ठरवावं लागतं. एका पत्राच्या सालावर दोन संशोधक वर्षभर भांडू शकतात, आणि भांडले आहेत.

गो. स. सरदेसायांनी १९३० ते १९३४ या काळात या दफ्तरातून निवडक कागदांचे ४५ खंड काढले. कामाचा उरक थक्क करणारा आहे. त्यांनी विषय पाडले. दुसरा खंड पानिपत प्रकरणाचा. आता पानिपतावरून आलेल्या एखाद्या पत्रात सावकारी कर्जाचाही मजकूर असेल तर? छापील पुस्तकात पत्र एकाच जागी बसतं. टपालाची फोल्डरं करणाऱ्या प्रत्येकाला ही अडचण माहीत आहे : सोसायटीच्या सेक्रेटरीचं पत्र 'घर'मध्ये टाकायचं, 'बिलं'मध्ये की 'कटकटी'मध्ये? सरदेसायांपुढे दुसरा मार्ग नव्हता. आपल्यापुढे आहे, तरी माणसं फोल्डरं करत बसतात.

संगणकावरच्या टपालाने सुरुवातीला रुमालच बांधले. युनिक्समध्ये सगळी पत्रं एकाच लांबलचक फाइलीत एकाखाली एक चिकटवलेली असत. नवं पत्र कुठे सुरू होतं हे कळायची खूण एकच, ओळीच्या आरंभी 'फ्रॉम' हा शब्द आणि पुढे मोकळी जागा. मग पत्राच्या मजकुरातच एखादी ओळ 'फ्रॉम'ने सुरू झाली तर? तिच्या आधी एक बाण ठोकून द्यायचा. जुन्या टपालात हे बाण अजून सापडतात. अशा फाइलीत शोधायला हत्यार होतं ग्रेप, केन टॉम्पसनने लिहिलेलं, १९७३ पासून युनिक्सबरोबर येणारं. ग्रेप पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचतं आणि दुसऱ्यांदा विचारलं की पुन्हा पहिल्यापासून वाचतं. त्याला कशाचीच आठवण नाही.

१९७९ साली रँड कॉर्पोरेशनमध्ये ब्रूस बॉर्डनने एमएच नावाची टपालव्यवस्था लिहिली. तिच्यात दर पत्र वेगळ्या फाइलीत गेलं, आणि 'पिक' नावाची आज्ञा आली : अमक्याकडून आलेली, तमक्या विषयाची पत्रं निवडून दे. कमांड लाइनवर टपाल शोधण्याची रीत इथे बसली. पुढे डॅनियल बर्नस्टाइनच्या मेलडिरने सुटी पत्रं ठेवायची शिस्त पक्की केली. फक्त सूची राहिली होती. रिचर्ड कर्नोचं मेरिक्स, बिन्नेमाचं म्यू, आणि २००९ साली कार्ल वर्थचं नॉटमच यांनी ती उणीव भरून काढली. नॉटमच टपाल आणत नाही, पाठवत नाही, पत्राच्या फाइलीतल्या मजकुराला हात लावत नाही. 'नॉटमच न्यू' म्हटलं की नव्या फाइली शोधतं, उघडून वाचतं, शब्द सुटे करतं आणि चिठ्ठ्या खणांत लावतं. वर पत्राला हव्या तेवढ्या खुणा बांधता येतात, म्हणजे तेच पत्र 'घर', 'बिलं' आणि 'कटकटी' तिन्ही ठिकाणी. जोडलेल्या पीडीएफच्या पोटातलं मात्र ते वाचत नाही. तिथे फाइलीचं नाव आठवलं तरच निभाव.

त्याचे खण झेपियन या सॉफ्टवेअर लायब्ररीचे आहेत, आणि झेपियनचं मूळ केंब्रिजच्या मार्टिन पोर्टरने केलेल्या मस्कॅट या प्रणालीत. हाच पोर्टर १९८० साली इंग्रजी शब्दांचे प्रत्यय छाटायची एक युक्ती छापून प्रसिद्ध झाला. 'कनेक्टेड', 'कनेक्टिंग', 'कनेक्शन' छाटून सगळे 'कनेक्ट'खाली लावायचे. चिठ्ठी लिहिणारा शास्त्री जे डोक्याने करत होता ते इथे काही नियमांनी केलं.

मराठीत दोन गाठी बसतात. पहिली ग्रेपवाल्यांना छळते. ईमेलचे नियम ठरले तेव्हा इंग्रजी अक्षरांपलीकडचं काही सुखरूप पोचेल अशी खात्री नव्हती, म्हणून देवनागरी मजकूर वाटेत गुंडाळून पाठवायची रीत पडली, आणि मेलडिरमध्ये तो तसाच गुंडाळलेला पडतो. एका पद्धतीत 'पुणे' या चार चिन्हांच्या शब्दाची ३६ अक्षरं होतात. बेस-६४ नावाच्या दुसऱ्या पद्धतीत १६ भागतात, पण ती कोणती हे शब्दाआधी किती बाइट आहेत त्यावर अवलंबून. शब्दाआधी एक स्पेस वाढली की त्याच 'पुणे'चं रूप पालटतं. अशी तीन रूपं संभवतात. ग्रेपला 'पुणे' विचारलं तर ते डोळे मिटून 'नाही' सांगतं. नॉटमच आधी गाठोडं सोडतं आणि मग चिठ्ठी लिहितं, म्हणून त्याला सापडतं.

दुसरी गाठ विभक्तीची. पुणे, पुण्याला, पुण्याहून, पुण्यातल्या या माझ्या खणात चार वेगळ्या चिठ्ठ्या आहेत. उपाय गावठी आहे : 'पुण' लिहून पुढे तारा टाकायचा, की त्या अक्षरांनी सुरू होणारे सगळे शब्द येतात. त्यात पुणतांब्याची पत्रं येतात, आणि एकादशीला नातेवाइकांनी धाडलेलं पुण्यही येतं. सालाची अट घातली की गर्दी कमी होते.

युनिकोडच्या आधीच्या मराठी पत्रांना मात्र हे काहीच लागू नाही. तेव्हा फॉन्टचा खेळ होता. फाइलीत इंग्रजी अक्षरंच असत, फॉन्ट लावला की ती देवनागरी दिसत. सूचीने ती अक्षरं प्रामाणिकपणे जशीच्या तशी लावून ठेवली आहेत. शोधायचं तर त्या फॉन्टात टाइप करताना बोटं ज्या कळा दाबत, त्याच आता इंग्रजीत दाबायच्या. तेही अर्धंच साधतं. त्या कळांत स्वल्पविराम आणि कंस असत, आणि सूची त्यांच्यापाशी शब्द तोडते. मग तुटलेल्या तुकड्यांतला लांब तुकडा घ्यायचा, पुढे तारा टाकायचा आणि जे येईल ते एकेक उघडून बघायचं.