थरावर थर आणि कारागिराचा डोळा

पेटंट हा शब्द उच्चारला की आमच्या कामगार बंधूंच्या डोळ्यांसमोर काळा कोट आणि इंग्रजी कागद उभे राहतात, आणि हा आपला विषय नव्हे असे समजून ते उठण्याच्या बेतात असतात. त्यांनी थोडे थांबावे अशी आमची विनंती आहे. पेटंटच्या कायद्यात एक असे पात्र आहे की ज्याला नाव नाही, गाव नाही, पगार नाही; आणि तरीही निवाडा त्याच्या डोळ्याने करावयाचा असतो. ते पात्र म्हणजे त्या त्या धंद्यातला जाणता कारागीर. एखादी नवी वस्तू घेऊन कोणी वीस वर्षांची मक्तेदारी मागू लागला, तर ती वस्तू या कारागिराला सहज सुचली असती की नाही, हे पाहावयाचे असा दंडक आहे. सहज सुचली असती तर मक्तेदारी नाही. हा कारागीर कायद्यात कोठून आला आणि त्याला खरोखर कोणी विचारते काय, हे आम्हांला येथे पाहावयाचे आहे.

उदाहरणासाठी आम्ही कृत्रिम चामडे घेतले आहे, आणि त्याचे कारण भोरच्याच नावात आहे. ८ मार्च १९४८ रोजी भोर संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले आणि पंतसचिवांची राजवट संपली. परंतु भोर हे नाव पुढे एका निराळ्याच वाटेने देशभर गेले. भोर इंडस्ट्रीज ही लेदरक्लॉथ करणारी कंपनी. तिच्या एका खटल्यामुळे भोरचे नाव सर्वोच्च न्यायालयाच्या निकालात गेले आणि वकील मंडळी ते वर्षानुवर्षे दाखला म्हणून देत आली. त्या खटल्याकडे आम्ही शेवटी येऊ. आधी माल ओळखून घेऊ.

आपण ज्याला सरसकट रेक्झिन म्हणतो ते मूळचे एका विलायती मालाचे व्यापारी नाव. रिक्षाच्या सीटवर, दवाखान्यातल्या तपासणीच्या खाटेवर असते तेच हे. उभा छेद घेतला तर त्यात थर दिसतात. तळाला कापड. त्यावर पीव्हीसीच्या पेस्टचा पहिला हात. ही पेस्ट म्हणजे पीव्हीसीची भुकटी, तिला मऊ करणारे तेलकट रसायन, रंग आणि खडूसारखी भर. मग पुष्कळदा एक फुगणारा थर येतो. त्यातले रसायन भट्टीत तापले की वायू सोडते आणि थर पावासारखा फुलतो, म्हणून माल हाताला गुबगुबीत लागतो. त्याच्यावर एक पातळ, चिवट थर, आणि शेवटी कोरीव रुळाखालून जाताना कातड्याच्या सुरकुत्यांचा ठसा. भट्टी २०० अंश सेल्सिअसच्या आसपास चालते. ती थंड राहिली तर पेस्ट नीट शिजत नाही आणि थर सुटतात. फार तापली तर माल पिवळा पडतो. कोणत्या कापडाला पहिला हात किती जाड द्यावा, कोणत्या रंगाला भट्टी किती वेगाने चालवावी, हे खात्यातला जुना माणूस जाणतो. ते ज्ञान बहुधा कोठे लिहिलेले नसते.

थरावर थर ही कल्पना काही रसायनाच्या कारखान्यात जन्मली नाही. वेल्ह्याच्या पावसात भातलावणीला वाकलेल्या बाईच्या पाठीवर जे इरले असे, त्यात बांबूच्या कामट्यांची जाळी, तिच्यावर पानांचा थर, आणि पाने हलू नयेत म्हणून पुन्हा कामट्या. बळकटी एका थराची, पाणी अडवणे दुसऱ्याचे. वहाणेचा तळही एकाच कातड्याचा नसतो. थर एकमेकांवर बसवून ते वादीने शिवून घट्ट करतात. तेव्हा भिन्न गुणांचे थर एकत्र आणले, एवढेच सांगून कोणी मक्तेदारी मागू लागला, तर त्याला वेल्ह्याची शेतकरीणही हसेल. मग या मालात शोध असा काही झालाच नाही काय? झाला, परंतु कोठे झाला हे नीट वेचून काढावे लागते.

एकोणिसाव्या शतकात कापडावर जवसाच्या तेलाचे लेप देऊन चामड्यासारखा माल होऊ लागला. अमेरिकेतल्या क्रॉकेट मंडळींचा असा माल इंग्लंडात प्रसिद्ध होता. त्यांच्या छापाचा हक्क पुढे एका इंग्रजी कंपनीने विकत घेतला आणि नक्कल करणाऱ्यावर दावा लावला. ते प्रकरण १८६५ मध्ये लॉर्डांच्या सभागृहापर्यंत गेले. छापावर माल कमावलेला असल्याचे आणि त्याला पेटंट असल्याचे लिहिले होते, परंतु तो छाप मात्र साध्या मालावरही मारला जात होता. खोटे सांगणाऱ्या छापाला न्यायालयाने आसरा दिला नाही. पेटंट या शब्दाचा दरारा आणि प्रत्यक्ष माल यांत अंतर असू शकते, हे या धंद्याने इतक्या लवकर पाहिले.

पुढे तेलाच्या जागी नायट्रोसेल्युलोज आले. रेक्झिन हे त्याच पिढीतले. १९२६ मध्ये अमेरिकेच्या गुडरिच कंपनीतील वाल्डो सेमन यांनी ताठ, निरुपयोगी समजल्या जाणाऱ्या पीव्हीसीला उकळबिंदू उंच असलेल्या द्रवात तापवून मऊ, रबरासारखे केले. ते शोधत होते रबर धातूला चिकटवण्याचा उपाय. हा खरा शोध, कारण त्या काळच्या जाणत्या माणसांनाही तो समोर दिसत नव्हता. १९६४ मध्ये ड्यूपाँ कंपनीने कॉरफम नावाचा माल बाजारात आणला. त्यात तंतूंचा थर, विणलेले कापड आणि वर पॉलियुरेथेनचा सूक्ष्म छिद्रांचा थर होता. बाहेरचे पाणी अडते आणि पायाच्या घामाची वाफ मात्र बाहेर जाते, हा गुण सगळ्या थरांच्या मेळातून आला होता. येथेही बुद्धी होती. परंतु चामडे जसे हळूहळू पायाचा आकार घेते तसे कॉरफम घेईना, आणि १९७१ मध्ये कंपनीने ते बंद केले. शोध असणे एक आणि माल पायाला बसणे दुसरे.

आता त्या कारागिराकडे वळू. १८५१ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापुढे दाराच्या मुठींचा खटला आला. मुठी पूर्वी धातूच्या आणि लाकडाच्या होत; एकाने त्या मातीच्या आणि चिनीमातीच्या केल्या आणि पेटंट घेतले. न्यायालय म्हणाले की, धंदा जाणणाऱ्या सामान्य मिस्त्रीपेक्षा जास्त कसब यात दिसत नाही. हे चांगल्या कारागिराचे काम आहे, शोधकाचे नव्हे. अशा रीतीने कामाच्या टेबलाजवळचा माणूस न्यायालयात मापदंड होऊन बसला.

आपल्याकडे पहिला कायदा १८५६ चा. त्या वर्षी ३ मार्च रोजी कलकत्त्याचे स्थापत्य अभियंता जॉर्ज आल्फ्रेड डीपेनिंग यांनी अर्ज केला तो पंखा ओढण्याच्या यंत्रासाठी. साहेबाच्या डोक्यावरचा पंखा दोरीने ओढणाऱ्या मजुराचा हात वाचवणारे, किंवा त्याची भाकरी काढून घेणारे यंत्र. आपण कोठे उभे आहोत त्यावर ते ठरेल. १९११ च्या कायद्याने पुढची साठ वर्षे राज्य केले. स्वातंत्र्यानंतर न्यायमूर्ती राजगोपाल अय्यंगार यांनी १९५९ मध्ये अहवाल दिला. देशातली बहुतेक पेटंटे परदेशी मालकांची, आणि त्यांतली फार थोडी येथे प्रत्यक्ष वापरात, असे चित्र त्यांनी मांडले. त्यातून १९७० चा कायदा झाला आणि २० एप्रिल १९७२ पासून लागू झाला.

या कायद्याचे तिसरे कलम थरांच्या मालाला नेमके लागू पडते. ज्ञात साधने एकमेकांशेजारी मांडली आणि प्रत्येक आपापले जुनेच काम करीत राहिले, तर तो शोध नव्हे. मिश्रणातून घटकांच्या गुणांची नुसती बेरीज झाली तरी तो शोध नव्हे. कापड बळकटी देते, पीव्हीसी पाणी अडवते. एवढेच असेल तर बेरीज झाली. थरांच्या मेळातून असे काही निघाले की जे एकट्या थराजवळ नव्हते, तरच पुढे बोलावयाचे.

१३ डिसेंबर १९७८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने मिर्झापूरच्या भांड्यांचा खटला निकालात काढला. विश्वनाथप्रसाद राधेश्याम विरुद्ध हिंदुस्थान मेटल इंडस्ट्रीज असे त्याचे नाव. भांडे घासूनपुसून चकाकी देण्यापूर्वी लेथवर चढवतात. जुन्या पद्धतीत ते उडून कामगाराला इजा होण्याचे भय असे. भांडे दाबून धरण्याच्या एका नव्या रीतीला पेटंट मिळाले होते. न्यायालयाने ते रद्द ठरवले, कारण ती जुन्याच साधनात केलेली कारखान्यातली सुधारणा होती. आम्हांला हा निकाल दोन्ही अंगांनी पटतो. सुधारणा चांगलीच होती, तिने हात वाचतात. म्हणूनच ती एकाच्या तिजोरीत बंद न राहता प्रत्येक लेथवर असली पाहिजे.

मात्र त्या निकालात एक भेद आहे, तो सांगितला पाहिजे. कसोटीचा माणूस म्हणजे धंद्यातला कसबी जाणकार. नुसता हाताने काम करणारा नव्हे, असे न्यायालयाने धरले. कागदावर ही रेघ सरळ दिसते. खात्यात ती दिसत नाही. भट्टीवरचा माणूस पगारपत्रकात अकुशल असतो आणि नवा इंजिनिअर त्यालाच विचारून वेग ठरवतो.

येथे दुसरी बाजूही मान्य केली पाहिजे. कोडे सुटल्यावर उत्तर सगळ्यांनाच सोपे वाटते. माल समोर ठेवून "हे तर आम्हांलाही सुचले असते" म्हणणे फुकटचे आहे. म्हणून प्रश्न असा विचारावयाचा की, अर्ज येण्यापूर्वी, उत्तर माहीत नसताना, अडचण तेवढी माहीत असलेल्या जाणत्या माणसाने ही वाट धरली असती काय? परीक्षकाने हा प्रश्न प्रामाणिकपणे विचारावा. परंतु त्याच्या टेबलावर येतात ते छापील कागद: जुनी पेटंटे, शास्त्रीय नियतकालिके. भोरचा वा भिवंडीचा कारागीर त्या कागदांत नसतो.

आता भोर इंडस्ट्रीजचा खटला. वाद पेटंटचा नव्हता, अबकारी शुल्काचा होता. पण मुद्दा याच जातीचा. माल तयार होताना मध्येच पीव्हीसीचा एक कच्चा पापुद्रा तयार होई आणि तो कारखान्यातच पुढच्या कामाला लागे. सरकार म्हणे, शुल्काच्या यादीत पीव्हीसीचा पापुद्रा आहे, तेव्हा शुल्क भरा. कंपनी म्हणे, हा कच्चा पापुद्रा बाजारात कोणी ओळखत नाही आणि घेत नाही. १९८९ मध्ये न्यायमूर्ती सव्यसाची मुखर्जी यांच्या पीठाने कंपनीच्या बाजूने निकाल दिला. नुसते यादीत नाव असून भागत नाही. ती वस्तू बाजाराला माल म्हणून माहीत असली पाहिजे किंवा तशी विकण्याजोगी असली पाहिजे, आणि तसा पुरावा सरकारने द्यावयाचा, तो त्याने दिलेला नव्हता. १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर आला आणि तो शुल्काचा कायदा बहुतेक मालापुरता मागे पडला. धडा मात्र उरला. कागदावरचे नाव आणि धंद्यातल्या माणसांची ओळख यांत तंटा झाला, तेव्हा न्यायालयाने धंद्याची ओळख मोठी मानली. आणि ती पुराव्यानेच सिद्ध व्हावी असे सांगितले. कंपनीजवळ तो तंटा दिल्लीपर्यंत लढण्याची ताकद होती. पेटंटच्या बाबतीत कारागिराची बाजू घेऊन कोण जातो?

जाण्याला वाट आहे. २००२ आणि २००५ च्या दुरुस्त्यांनंतर शोधाची पायरी ही व्याख्येतच आली. पंचविसाव्या कलमाप्रमाणे अर्ज प्रसिद्ध झाल्यावर आणि पेटंट मिळण्यापूर्वी कोणाही व्यक्तीला लेखी विरोध करता येतो. वस्तू सहज सुचण्याजोगी होती हे दाखवताना छापील मजकुरासोबत, अर्जापूर्वी हिंदुस्थानात काय वापरात होते तेही मांडता येते. स्थानिक समाजातल्या तोंडी ज्ञानालाही त्या कलमात निराळी जागा आहे. २०२४ च्या नियमांनी या विरोधालाही शुल्क लावले; ते आम्हांला गैर वाटते, कारण खोटी मक्तेदारी अडवणारा सार्वजनिक काम करीत असतो. तरी वाट बंद झालेली नाही.

अशी मक्तेदारी चुकून मिळाली तर तिचा पैसा कोठून येतो, हे आमच्या लोकांना सांगणे नको. लहान कारखान्याला नोटीस येते, माल थांबतो, आणि पहिली कपात हंगामी कामगारांची होते. भोर-वेल्ह्याची माणसे पिढ्यान्पिढ्या मुंबईत, पुण्यात आणि महामार्गालगतच्या कारखान्यांत कामाला जात आली आहेत; त्यांना हे ठाऊक आहे.

म्हणून आमचे सांगणे साधे आहे. युनियनने प्रत्येक खात्यात एक वही ठेवावी. भट्टीत, रुळावर, पेस्टमध्ये जी सुधारणा झाली, ती कोणी केली, कोणत्या तारखेला, कोणत्या अडचणीसाठी, हे मराठीत लिहावे. ज्या मालाची विक्री खुली झाली आहे त्याचे तुकडे आणि पावत्या तारखेसह जपाव्यात. कारखान्याची कायदेशीर गुपिते फोडावीत असे आम्ही म्हणत नाही. आणि एखाद्याला खरोखरच नवे सुचले, तर पेटंट मालकाच्या नावे निघाले तरी अठ्ठाविसाव्या कलमाप्रमाणे शोधक म्हणून आपले नाव त्यात यावे अशी मागणी त्याने मुदतीत करावी. वेतनवाढीच्या मागणीपत्रकात आम्ही हे कलम घालू लागलो आहोत. मालक विचारतात, ह्याचा पगाराशी काय संबंध? आमचे उत्तर असे की, कायदा ज्या माणसाच्या डोळ्याने पाहतो असे म्हणतो, त्या माणसाला किती दिसते हे लिहून ठेवल्याशिवाय त्याच्या पगाराचा हिशोबही बरोबर होणार नाही.