सैन्य परत आणताना : श्रीलंका, 1990

मागच्या व्याख्यानात आपण 1987 चा भारत-श्रीलंका करार पाहिला. आता माघारीकडे वळूया. शांतिसेना गेली तमिळांच्या रक्षणाला आणि लढत बसली एलटीटीईशी. सुमारे 1200 जवान धारातीर्थी पडले. राष्ट्राध्यक्ष प्रेमदासा ‘निघा’ म्हणत होते. 24 मार्च 1990 ला शेवटची तुकडी निघाली, तर मद्रासला मुख्यमंत्री करुणानिधी स्वागतालाही गेले नाहीत!

पण आपणच शस्त्रं देऊन उभ्या केलेल्या तमिळ नॅशनल आर्मीचं काय झालं? माघार चालू असतानाच एलटीटीईनं तिचा फडशा पाडला. जूनमध्ये युद्ध पुन्हा पेटलं. थांबणं परवडत नव्हतं, हे खरंच. पण निघण्याची किंमत मागे राहिलेल्यांनी मोजली. तो हिशेबही आपण मांडायला हवा.